शिल्लक

अमळनेर, मे अखेर. स्टॉक तपासणी.
पंखा फिरतो, गरम हवाच परत वाटतो.
खिडकीखाली बोरीच्या कोरड्या पात्रात
कुणाची तरी गाढवं उभी, नुसतीच.

रजिस्टर, पान एकशे बारा, नोंद सातवी:
युरेनिल नायट्रेट, पंचवीस ग्रॅम.
खरेदी, एकोणीसशे सदुसष्ट.
'शिल्लक'च्या रकान्यात आधी कुण्या झांबरेंचं तिरपं अक्षर,
मग अडतीस वर्षं सुपडू भोईचं,
दर मे महिन्यात एकच शब्द:
तेवढीच.

मी कपाटात हात घातला.
"मॅडम, हात नका लावा," सुपडू बोलला.
"हाई जागी शे."

रजिस्टरखाली एक जुनं जर्नल, कोपरे कसरीने खाल्लेले.
गुणधर्म:
रंग पिवळा, हिरव्याकडे झुकलेला
(पिकत घातलेल्या केळीचा तिसरा दिवस, मी मनात म्हटलं).
दमट हवेत पाणी ओढून घेऊन पाझरतं,
कोरड्या हवेत पाणी सोडून भुगा होतं.
साठ अंशांना
स्वतःच्याच पाण्यात वितळतं.
हे वाक्य मी दोनदा वाचलं.

कृती:
ऑक्साइड नायट्रिक आम्लात विरघळवतात.
तांबूस धूर निघतो. मग गाळणं, आटवणं, निववणं.
खाली कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलंय:
निवताना हलवू नये,
एकटे राहिले तरच स्फटिक मोठे होतात.

इथे ही कृती कुणी केली नाही.
बाटली तयारच आली, सुरत लाइनने,
लाकडाच्या भुशात बसून.

सुपडू नवा लागला त्या वर्षी
फालक सरांनी त्याला डार्करूममध्ये नेलं, दार लावलं,
बाटली हलवली.
आत काहीतरी हिरवं लुकलुकलं,
काजव्यानं मन बदलावं इतकंच.
मग काळ्या कागदात गुंडाळलेली फोटोची काच,
तिच्यावर या कपाटाची किल्ली,
किल्लीवर चिमूटभर मिठाची पुडी.
पंधरा दिवस खणात.
काच धुतली, तर काळ्यावर पांढरी किल्ली.
दिवा नव्हता, ऊन नव्हतं,
आणि सावली पडली होती.

पोरं म्हणायची, सुपडूचे हात रात्री चमकतात.
लग्नानंतर बायकोनं एकदा कंदील विझवला
आणि त्याचे दोन्ही पंजे डोळ्यांजवळ धरले.
"कायेच शेतस," बोलनी ती, अन् हासनी.
हे सांगताना तो अजून हात पालथे करून बघतो.

मी मागच्या पानावर हिशेब मांडला.
निम्मं व्हायला साडेचार अब्ज वर्षं.
सदुसष्टपासून आजवर किती सरलं,
ते मोजेल असा तराजू आमच्याकडे नाही,
तालुक्यात नाही,
कुठे असेल असंही वाटत नाही.
म्हणजे सुपडूची नोंद अचूक होती,
आणि दरवर्षी किंचित खोटी.

मुंबईहून पत्र आलंय:
शिशाची पेटी घेऊन माणसं येतील, तारीख मागाहून कळवू.
पत्राला दोन वर्षं झाली.

आज सुपडूचा शेवटचा दिवस.
नारळ, शाल, प्राचार्यांची चार वाक्यं आटोपून
तो परत वर आला, चार्ज द्यायला.
किल्ली माझ्या हातात ठेवली, खिशाइतकी गरम.
मी सही केली.
मग त्यानं भिंतीवरची ती काच उतरवली,
फुंकर मारून धूळ उडवली.
"हाई रजिस्टरमा नही शे," तो म्हणाला, आणि थांबला.
मी पान उलटून
दुसरीच कुठली तरी नोंद वाचत बसले,
सोडियम थायोसल्फेट, दोन किलो, दोन किलो.
त्यानं काच रुमालात बांधली.

मग मी पेन उघडलं. तेवढीच.
माझं अक्षर त्या रकान्यात पोरकट दिसलं.

जिन्याच्या वळणावरून तो पुन्हा मागे आला,
दारातच उभा राहिला, चपला न काढता.
"मॅडम, पावसायामा बूच घट करी द्या.
पानी पेस ती."